बरगे

रात्री अडीचला आबा खोकत उठून बसले
आणि हाताला लागलं ते मी पुढं धरलं.
डेअरीला दूध घालायची किटली होती ती.

राजारामपुरीत, कितवी गल्ली ते आता आठवत नाही,
पोरसवद्या डॉक्टरनं विचारलं, किती पडलं?
कपभर? वाटीभर?
म्हटलं, साडेसातशे मिली.
त्यानं मान वर केली.
रोज माप घालतो आम्ही, चुकत नाही.
फेस होता?
होता. धारेला असतो तसा.
एवढं बोललो आणि पुढं कितीतरी दिवस
म्हशीखाली बसवेना.

टीबी होऊन अकरा वर्षं झाली.
गोळ्या पुऱ्या केल्या, शिक्क्याचं कार्ड ट्रंकेत आहे.
आजार गेला, मिणचेकर बाई म्हणाल्या,
पण जाताना वरच्या कप्प्यात खड्डा ठेवून गेला.
त्याच्याभोवती धमन्या फुगल्या, वळसे घेत सुटल्या,
भोगावतीच्या दरडीतून उंबराची मुळं लोंबतात तशा.
मुळांचं त्या नाही म्हणाल्या.
ते मला पडद्यावर दिसलं.

कापायचं काही नाही.
जांघेतून बारीक नळी, धारेच्या उलट छातीपर्यंत.
फुटलेली वाट शोधायची,
रव्याहून बारीक कण सोडून बुजवायची.
आबा मास्कमागून म्हणाले,
"म्हंजे बरगे घालायचे."

बाईंना कळलं नाही. मी सांगितलं,
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं.
दिवाळी सरली की बंधाऱ्यावर उभं राहून
एकेक बरगा खाचेत सोडायचा,
दोन रांगांमधी माती ठासायची,
मृगाआधी सगळे उपसून काठावर रचायचे.
बाई ऐकत होत्या की सुई भरत होत्या,
सांगता येत नाही.

कागदावर खाली एक ओळ होती : पाय जाऊ शकतात.
का?
त्याच धमनीतून कधी कधी केसाएवढी फांदी
कण्याकडं जाते. तिच्यात कण शिरला तर,
आणि पुढचं त्यांनी नुसतं तळव्यानं दाखवलं,
टेबलावर आडवा.
बंधाऱ्याची भिंत दीड हात रुंद.
शेवाळावरनं आबा तिच्यावर
चप्पल हातात घेऊन चालायचे.
मी सही केली. अक्षर माझं वाटेना.

काचेपलीकडं काळी रेघ उमटली, विरली.
परत उमटली.
होती ती फांदी.
आकड्यासारखी वर जाऊन खाली वळलेली.
बाई थांबल्या.
किती वेळ ते विचारू नका,
माझं लक्ष फक्त चादरीबाहेरच्या अंगठ्यांवर.
मग नळीतनं आणखी बारीक नळी निघाली,
फांदी मागं टाकून बरीच पुढं गेली.
थोडं सोडलं. बघितलं.
थोडं सोडलं. परत बघितलं.
मुळं एकेक करून पडद्यावरनं पुसली गेली.

बाहेर आणलं तेव्हा बाईंनी पायाशी वाकून म्हटलं,
आजोबा, बोटं हलवा.
आबांनी हलवली. दोन्हीकडची. सावकाश,
पाण्याचा गारवा बघावा तशी.
मग विचारलं,
"खालच्या गावाचं पानी न्हाई न्हवं तोडलं?"
आता बाई हसल्या. कळलं होतं त्यांना.
"नाही. ते सोडूनच बांध घातला."
"आन् काढायचे कधी?"
"हे काढायचे नसतात."
आबांना ते पटलं नाही.
न काढलेल्या बरग्यांनी एका पुरात
भिंतच गेलेली बघितली होती त्यांनी.
बाई स्टूल ओढून बसल्या.
खड्डा आहे तोवर रक्त दुसरीकडनं वाट काढू शकतं,
सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी,
मग परत यायचं, वेळ न घालवता.
"पान्याचं मला सांगू नगा," आबा म्हणाले
आणि उजवा पाय सरळ ठेवून
सहा तास छताकडं बघत पडले.

सकाळी खोकला आला.
यावेळी तांब्या धरला.
आत वाकून बघितलं, सवयीनं माप घ्यायला :
चहाच्या गाळाएवढं, तसंच तपकिरी, जुनं.
डेअरीच्या वहीत
एवढ्याला रकाना नसतो.